फेडरल ग्रँट मिळाल्यानंतर: अमेरिकेतल्या छोट्या मराठी संस्थांसाठी पहिल्या वर्षाची वाट

अमेरिकेत फेडरल सरकारची ग्रँट मिळाली की संस्थेच्या डोक्यावर दोन कामं येतात. ज्यासाठी पैसे मिळाले ते एक. ते पैसे नियमाप्रमाणे खर्च झाले हे सतत दाखवत राहणं, हे दुसरं. पहिलं काम आपल्या मंडळांना, मंदिरांना, ज्येष्ठांसाठी झटणाऱ्या गटांना मनापासून जमतं. गाडी अडते ती दुसऱ्यावर, कारण आपले हिशेब देणग्या आणि तिकीटविक्रीच्या सवयीने चालतात. वर्षाअखेर जमाखर्च जुळला, सर्वसाधारण सभेत मंजूर झाला, की विषय संपला. फेडरल पैशाला एवढं पुरत नाही. खर्चाचा पुरावा खर्च होतानाच तयार झालेला असावा लागतो. तो नसेल तर खर्च नामंजूर होऊ शकतो, आणि मग ती रक्कम संस्थेच्या स्वतःच्या पैशातून परत भरावी लागते. काम चोख झालं, पण टाइमशीट नव्हत्या म्हणून पैसे परत गेले, असं कुठल्याही संस्थेच्या वाट्याला येऊ नये असं मला फार वाटतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी नियम कुठे आहेत ते पाहा

मूळ नियमावली म्हणजे 2 सीएफआर भाग 200. सीएफआर म्हणजे फेडरल नियमांचा संग्रह. बोलताना सगळे तिला ‘युनिफॉर्म गायडन्स’ म्हणतात. व्हाइट हाउसच्या अखत्यारीतल्या ओएमबी या अर्थसंकल्प कार्यालयाने डिसेंबर 2013 मध्ये ती काढली आणि आधीची वेगवेगळी परिपत्रकं तिच्यात एकत्र केली. तिच्यातले मोठे बदल 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. हे लक्षात ठेवायचं कारण असं, की इंटरनेटवर जुन्या आकड्यांचे लेख अजून भरपूर सापडतात. अप्रत्यक्ष खर्चाचा ठोक दर 10 टक्के, उपकरणाची मर्यादा 5,000 डॉलर, ऑडिटची मर्यादा साडेसात लाख डॉलर असं कुठे वाचलंत तर तो लेख जुना समजा. आता हे आकडे अनुक्रमे 15 टक्के, 10,000 डॉलर आणि 10 लाख डॉलर असे आहेत. तुमची ग्रँट त्या तारखेच्या आधीची असेल तर मात्र तिला जुने नियम लागू असू शकतात. ते तुमच्या अवॉर्डच्या कागदातच, म्हणजे मंजुरीपत्रात, लिहिलेलं असतं.

पैसे काउंटीकडून किंवा राज्याकडून आले म्हणजे ते फेडरल नाहीत, हा समज सर्रास दिसतो आणि तोच महागात पडतो. वॉशिंग्टनहून राज्याकडे, राज्याकडून काउंटीकडे आणि तिथून तुमच्याकडे आलेला डॉलर शेवटपर्यंत फेडरलच राहतो. अशा वेळी तुम्ही ‘सबरेसिपियंट’ असता आणि जवळजवळ सगळे नियम तुम्हालाही लागतात. करार हातात पडला की ‘असिस्टन्स लिस्टिंग नंबर’ शोधा. आधी दोन आकडे, मग टिंब, मग तीन आकडे असं त्याचं रूप असतं. तो असेल तर पैसा फेडरल आहे. नसेल तर पैसे देणाऱ्या कार्यालयाला ईमेलवर विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

मंदिरांना कॅमेरे, फाटक, मजबूत दारं यांसाठी मिळणारी ‘नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट’ याच जातीची. फेमा या फेडरल आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे पैसे राज्याच्या कार्यालयामार्फत येतात, आणि आधी स्वतः खर्च करून मग भरपाई मागायची असते. शिवाय पर्यावरण आणि ऐतिहासिक वास्तूंच्या दृष्टीने फेमाची तपासणी पूर्ण व्हावी लागते. ती मंजुरी यायच्या आत कंत्राटदाराने भिंतीला भोक पाडलं, तर त्या कामाचे पैसे जाऊ शकतात. विश्वस्तांना उत्साहाने कामाला हात घालायची घाई असते, त्यांना हे पहिल्याच बैठकीत सांगा.

नोंदणी: पत्ता आणि पासवर्ड

थेट फेडरल ग्रँटसाठी अर्ज करायचा तर सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी लागते. तिथे संस्थेला बारा अक्षर-अंकांचा यूईआय क्रमांक मिळतो. एप्रिल 2022 पासून जुन्या डन्स क्रमांकाची जागा त्याने घेतली. सबरेसिपियंटला पूर्ण नोंदणी सक्तीची नाही, पण यूईआय लागतोच. हे सगळं मोफत आहे. ‘तुमची नोंदणी संपत आली आहे, इतके डॉलर भरा’ अशा ईमेल खाजगी कंपन्यांकडून येतात. त्यांना एक पैसाही देऊ नका. पूर्ण नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेही मोफत.

मंडळांची खरी अडचण पत्त्याची असते. अनेक मंडळांना स्वतःचं कार्यालय नसतं, म्हणून खजिनदाराच्या घरचा पत्ता देतात. दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलते आणि पत्ताही बदलतो. मग संस्थेच्या स्थापनेच्या कागदावर एक पत्ता, बँकेत दुसरा, कर विभागाकडे तिसरा. नाव-पत्ता जुळला नाही की सॅमची पडताळणी अडकते आणि आठवडे निघून जातात. अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही. म्हणून ग्रँटचा विचार डोक्यात आला की पहिलं काम हेच: सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग, एकच पत्ता.

सॅममध्ये प्रवेश व्यक्तीच्या स्वतःच्या लॉगिनने होतो. ती व्यक्ती मंडळातून बाहेर पडली, फोन उचलेनाशी झाली, तर नवा प्रशासक नेमायला नोटरी केलेलं पत्र पाठवण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे सुरुवातीपासून दोन प्रशासक ठेवा, आणि निवडणुकीनंतर हस्तांतराच्या यादीत हे लॉगिन लिहा.

अवॉर्डचा कागद पेन घेऊन वाचा

मंजुरीपत्राला ‘नोटिस ऑफ अवॉर्ड’ म्हणतात. पहिल्या पानावरचा रकमेचा आकडा सगळे पाहतात. पाहायच्या असतात त्या मागच्या पानांवरच्या अटी. कामाची मुदत कधी सुरू होते आणि कधी संपते, कोणता अहवाल कधी द्यायचा, संस्थेने स्वतःचा वाटा घालायचा आहे का, कोणत्या बदलाला आधी परवानगी लागते, हे कॅलेंडरवर उतरवून काढा. मुदत सुरू होण्याआधी केलेला खर्च साधारणपणे चालत नाही. चालवायचा असेल तर लेखी परवानगी हवी.

आणखी एक गोष्ट इथेच पक्की करा. प्रोग्रॅम ऑफिसर आणि ग्रँट्स ऑफिसर ही दोन वेगळी माणसं असतात. प्रोग्रॅम ऑफिसर मदतशील असतो, फोनवर ‘काही हरकत नाही’ म्हणतो. पण अटी बदलण्याचा अधिकार ग्रँट्स ऑफिसरचा, आणि तोही लेखी. कामाची व्याप्ती बदलणं, अर्जात नाव दिलेली मुख्य व्यक्ती बदलणं, ती व्यक्ती तीन महिन्यांहून जास्त काळ कामापासून दूर राहणं किंवा तिने ठरलेल्या वेळात 25 टक्के कपात करणं, अर्जात नसलेल्या संस्थेला कामाचा भाग देणं, या सगळ्याला आधी मंजुरी लागते. मुख्य कार्यकर्ती आईच्या आजारपणामुळे चार महिने भारतात जाणार असेल तर विमानाचं तिकीट काढतानाच हा ईमेल पाठवा.

कोणता खर्च चालतो

प्रत्येक बिलाला काही प्रश्न विचारायचे. या कामासाठी तो आवश्यक होता का? बाजारभावाच्या मानाने वाजवी आहे का? याच ग्रँटच्या वाट्याला येतो का? बाकीच्या पैशांच्या बाबतीतही संस्था असाच हिशेब ठेवते का? आणि कागद आहे का? 1,200 डॉलरचा लॅपटॉप आरोग्य कार्यक्रमासाठी घेतला, पण शनिवार-रविवार तोच मराठी शाळेत जातो आणि निम्मा वापर तिथे होतो. मग ग्रँटवर 600 डॉलरच टाकता येतात. ग्रँटमध्ये पैसे शिल्लक होते, हे पूर्ण रक्कम टाकण्याचं कारण होऊ शकत नाही.

काही खर्च कधीच चालत नाहीत. दारू, दंड, लॉबिंग, बुडीत येणी, दुसऱ्या संस्थेला दिलेली देणगी, निधी उभारण्याच्या मोहिमेचा खर्च. करमणुकीवरही बंदी आहे. ती कार्यक्रमाच्या उद्देशाचाच भाग असेल आणि अवॉर्डमध्ये तशी मान्यता असेल तरच गोष्ट वेगळी. प्रशिक्षणानंतर सगळे जेवायला गेले आणि बिलात दोन बिअर असतील तर बिअरचं बिल टेबलावरच वेगळं मागा. जेवण मुळात चालतं का, हेही अटींमध्ये पाहा.

गणेशोत्सव, सत्यनारायण, आरती हा आपल्या मंडळांच्या जगण्याचा भाग आहे, पण उघडपणे धार्मिक असलेल्या कार्यक्रमाला थेट मिळालेला फेडरल पैसा लावता येत नाही. तो कार्यक्रम ग्रँटच्या कामापासून वेळेने किंवा जागेने वेगळा ठेवायचा, आणि तिथे येण्याची सक्ती कुणावर नसावी. आरोग्य शिबिर आणि गणपती एकाच हॉलमध्ये, एकाच दिवशी, एकाच भाड्याच्या बिलात असं करू नका.

टाइमशीट

छोट्या संस्थेत सगळ्यात मोठा खर्च पगाराचा असतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच होतो. म्हणून थोडं जवळून पाहू.

समजा, तुमच्या समन्वयक ताईंचा पगार महिना 4,000 डॉलर आहे. अर्जात लिहिलं होतं की त्यांचा 60 टक्के वेळ ग्रँटच्या कामाला जाईल. मग दर महिन्याला 2,400 डॉलर ग्रँटवर टाकायचे? नाही. 60 टक्के हा अंदाज होता. नियम क्रमांक 200.430 सांगतो की पगार प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या नोंदीवर आधारलेला हवा, नुसत्या अंदाजावर नाही. अंदाज लावून महिना चालवता येतो, पण नंतर प्रत्यक्ष वेळेशी जुळवून फरक दुरुस्त करावा लागतो.

ताईंची सोमवारची नोंद अशी असावी: ज्येष्ठांना फोन आणि घरभेटी 5 तास, मराठी शाळेची कागदपत्रं 2 तास, मंडळाचं सर्वसाधारण काम 1 तास. एकूण 8. इथे ग्रँटबाहेरचे तासही लिहिलेत, आणि तेच मोलाचं आहे. फक्त ग्रँटचे तास लिहिलेली टाइमशीट अर्धवट ठरते, कारण टक्केवारी पूर्ण कामाच्या हिशेबाने काढायची असते. महिनाअखेर ग्रँटचे तास 52 टक्के निघाले तर ग्रँटवर 2,080 डॉलर पडतील आणि 2,400 मधले उरलेले 320 दुसरीकडे जातील. ताईंनी स्वतः नोंद करायची, आणि त्यांचं काम प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसाने ती तपासून मान्य करायची. कागद असो की ॲप, दोन्ही चालतं. सहा महिन्यांच्या टाइमशीट एकाच दिवशी, एकाच शाईत, सगळीकडे नेमके 60 टक्के असं दिसलं की ऑडिटर पुढचे प्रश्न विचारू लागतो.

संस्थेचा वाटा स्वयंसेवकांच्या वेळेतून दाखवायचा असेल तर त्यांचीही अशीच नोंद हवी. त्यांच्या तासाचा दर आपल्या मनाने ठरवता येत नाही. तसंच काम करणाऱ्याला तुमच्या संस्थेत जो पगार मिळतो तो, आणि संस्थेत तसं काम कुणी करत नसेल तर त्या भागातल्या बाजारातला दर धरायचा. डॉक्टर स्वयंसेवक शिबिरात खुर्च्या लावत असतील तर त्या तासाला डॉक्टरचा दर लागत नाही.

अप्रत्यक्ष खर्च: हक्काचे पैसे सोडू नका

वीज, हिशेबनीस, विमा असे खर्च कुठल्याही एका कार्यक्रमाचे नसतात. सरकारशी वाटाघाटी करून ठरवलेला दर तुमच्याकडे नसेल तर 15 टक्क्यांपर्यंतचा ठोक दर घेता येतो. त्यासाठी वेगळे कागद लागत नाहीत. कितीतरी छोट्या संस्था तो भिडेपोटी मागतच नाहीत. मागा. नियमानेच तो दिलेला आहे.

फक्त ही टक्केवारी सगळ्या खर्चावर लागत नाही. 10,000 डॉलर आणि त्यावरची उपकरणं, भाडं, कार्यक्रमात सहभागी होणाऱ्यांना दिलेला भत्ता, शिष्यवृत्त्या आणि प्रत्येक सबअवॉर्डचा (ग्रँटच्या कामाचा भाग करायला दुसऱ्या संस्थेला दिलेल्या रकमेचा) 50,000 डॉलरच्या वरचा भाग आधी वजा करायचा. उदाहरण घ्या. प्रत्यक्ष खर्च 2 लाख 40 हजार डॉलर. त्यात भाडं 18,000, सहभागींचा भत्ता 12,000 आणि एका संस्थेला दिलेलं सबअवॉर्ड 80,000, म्हणजे वरचे 30,000 वजा. उरले 1 लाख 80 हजार, आणि त्याचे 15 टक्के 27,000. वजाबाकी न करता सरळ 15 टक्के काढले असते तर 36,000 दिसले असते आणि वरचे 9,000 नंतर परत गेले असते.

खरेदी आणि नात्यागोत्याचा प्रश्न

खरेदीचं धोरण लेखी हवं, दोन पानांचं का असेना. छोट्या खरेदीला, किंमत वाजवी असेल तर, दरपत्रकं मागवावी लागत नाहीत. ही मर्यादा बरीच वर्षं 10,000 डॉलर होती, 1 ऑक्टोबर 2025 पासून 15,000 झाली. तुमच्या धोरणात किंवा अवॉर्डमध्ये कमी आकडा असेल तर तोच पाळायचा. त्यावर, आता साडेतीन लाख डॉलरपर्यंत, एकाहून जास्त ठिकाणचे दर घ्या आणि त्यातला एक का निवडला हे दोन ओळींत लिहून ठेवा. 25,000 डॉलर आणि त्यावरच्या कंत्राटात समोरच्यावर फेडरल बंदी नाही ना, हे सॅमवर तपासून त्या पानाची प्रत तारखेसह ठेवा.

आपला समाज लहान आहे. केटरिंग करणारे अध्यक्षांचे मेहुणे असतात, वेबसाइट करणारा सचिवांचा मुलगा असतो, आणि बहुतेक वेळा ते खरोखर स्वस्तात काम करतात. तरी ज्याच्या कुटुंबाचा फायदा होतो त्याने निवडीत, कंत्राट देण्यात किंवा देखरेखीत भाग घ्यायचा नाही, हा नियम आहे. बैठकीत संबंध सांगा, खोलीबाहेर जा, आणि इतिवृत्तात तशी नोंद होऊ द्या. चांगल्या नात्यांना याने धक्का लागत नाही.

पैसे काढणं

आगाऊ पैसे मिळत असतील तर लगेच लागणार आहेत तेवढेच काढा. तीन महिन्यांचे पैसे काढून बँकेत ठेवणं नियमाविरुद्ध आहे. आगाऊ रकमेवर व्याज मिळालं तर वर्षाला 500 डॉलरपर्यंत संस्थेला ठेवता येतं, वरचं सरकारला परत जातं. भरपाईच्या पद्धतीची ग्रँट असेल तर दर महिन्याला मागणी पाठवा. 2025 मध्ये अनेक संशोधन आणि सामाजिक संस्थांच्या चालू ग्रँट मधेच थांबवल्या गेल्या, आणि त्या आता एजन्सीच्या प्राधान्यक्रमात बसत नाहीत असं कारण अनेकांना दिलं गेलं. ज्यांच्या सहा महिन्यांच्या मागण्या साचलेल्या असतील, त्यांचा जीव अशा वेळी टांगणीला लागतो. बंदची नोटिस आली तर त्या दिवसापासून नवा खर्च थांबवा, आधी झालेल्या खर्चाचे कागद गोळा करा आणि हरकत नोंदवायची मुदत नोटिशीतच शोधा.

भारताशी संबंध येतो तेव्हा

ग्रँटच्या पैशातून पुण्या-मुंबईला जायचं असेल तर ‘फ्लाय अमेरिका’ कायदा आठवा. तिकीट अमेरिकन विमान कंपनीच्या नावाचं हवं. एअर इंडिया किंवा आखाती कंपनीचं तिकीट 300 डॉलरने स्वस्त मिळतं, हे कारण चालत नाही. अमेरिकन कंपनीच्या कोडवर काढलेलं भागीदार कंपनीचं विमान चालतं. अपवाद आहेत, पण ते आधी लेखी नोंदवावे लागतात.

महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला कामाचा भाग द्यायचा असेल आणि अवॉर्डमध्ये त्याला परवानगी असेल, तर तिच्याकडे एफसीआरए या परदेशी निधीबद्दलच्या भारतीय कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का ते पहिलं विचारा. नोंदणी असलेल्या संस्थेलाही परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच घ्यावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पैसा पुढे तिसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. ‘पैसे आमच्या ट्रस्टकडे द्या, आम्ही गावातल्या संस्थेला देऊ’ ही सोयीची वाट त्यामुळे बंद आहे.

ऑडिट आणि ग्रँट बंद करताना

वर्षभरात सगळ्या मार्गांनी आलेला मिळून 10 लाख डॉलर किंवा जास्त फेडरल पैसा खर्च झाला तर ‘सिंगल ऑडिट’ लागतं. मोजायचा तो खर्च, मिळालेली रक्कम नाही. त्याहून कमी असेल तरी काउंटी किंवा राज्य तुमच्या फायली पाहायला येऊ शकतं, आणि त्यांना तो अधिकार आहे.

मुदत संपल्यावर थेट ग्रँट घेणाऱ्याला शेवटचे अहवाल द्यायला 120 दिवस मिळतात, सबरेसिपियंटला 90. मुदतीच्या आत ज्याची बांधिलकी केली त्याचीच बिलं या काळात भागवायची. उरलेले पैसे संपवायला शेवटच्या आठवड्यात केलेली प्रिंटरची खरेदी कुणाच्याही डोळ्यांवर येते. शेवटचा आर्थिक अहवाल पाठवलात त्या तारखेपासून तीन वर्षं सगळे कागद ठेवायचे. वाद किंवा ऑडिट चालू असेल तर ते मिटेपर्यंत. ग्रँटमधून घेतलेल्या उपकरणाचे कागद, ते उपकरण विकल्यापासून किंवा काढून टाकल्यापासून तीन वर्षं.

तेवढ्या काळात कार्यकारिणी एकदा तरी बदलेलच. म्हणून ही फाइल खजिनदाराच्या वैयक्तिक ईमेलवर किंवा लॅपटॉपवर ठेवू नका. संस्थेच्या नावाचं ड्राइव्ह खातं उघडा आणि त्यात अवॉर्ड आणि त्यातले बदल, परवानग्यांचे ईमेल, टाइमशीट, बिलं आणि दरपत्रकं, अहवाल, उपकरणांची यादी असे फोल्डर करा. नव्या खजिनदाराला पदभार देताना एक तास शेजारी बसून प्रत्येक फोल्डर उघडून दाखवा, आणि कागद कोणत्या तारखेपर्यंत ठेवायचे ते फोल्डरच्या नावातच लिहा.